पाओलो रॉसी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९८२ च्या फुटबॉल विश्वचषकाचा विषय निघाला की इटलीला तो जिंकून देणाऱ्या स्ट्रायकर पाओलो रॉसीचं नाव येतंच. त्यामागोमाग दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'नशीबवान होता, आयते गोल मिळाले'. दुसरं, 'तो फिक्सिंगमध्ये अडकलेला ना?' दोन्ही वाक्यांत अर्धवट माहिती आहे. सहा दिवसांतल्या तीन सामन्यांचा झगमगाट इतका मोठा झाला की त्याच्या आधीचं आणि नंतरचं लोकांना दिसेनासं झालं. माझ्या मते रॉसीची खरी ओळख १९८२ च्याही पाच वर्षं आधी, व्हिचेन्झा नावाच्या छोट्या शहरात सापडते. म्हणून खाली नेहमीचे प्रश्न घेतले आहेतच, पण उत्तरं थोडी मागून सुरू होतील.

रॉसी नेमका कुठला?

तोस्कानातल्या प्रातो शहराचा. जन्म २३ सप्टेंबर १९५६. प्रातो हे कापडगिरण्यांचं गाव, फ्लॉरेन्सपासून हाकेच्या अंतरावर. फ्लॉरेन्सच्या कातोलिका व्हिर्तुस या क्लबच्या मुलांच्या संघात खेळत असताना तूरिनच्या युव्हेंटस या बड्या क्लबने त्याला हेरलं आणि १९७२ मध्ये, सोळाव्या वर्षाच्या आसपास, तो तूरिनला गेला.

तो पहिल्यापासून स्ट्रायकर होता का?

नाही, आणि ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. युव्हेंटसच्या युवा संघात तो उजव्या बगलेवर खेळायचा. अंगाने शिडशिडीत, उंची बेताचीच, पण पाय वेगवान. त्या काळात इटलीतले बचावपटू अंगाला अंग लावून, घोटे फोडत खेळायचे. अशा खेळात या पोराचे गुडघे टिकले नाहीत. विशी गाठण्याआधीच गुडघ्यांवर तीन शस्त्रक्रिया झाल्या. आज दुर्बिणीतून होणारं काम तेव्हा गुडघा उघडून व्हायचं आणि फाटलेली गादी सरळ काढून टाकायचे. त्या ऑपरेशनांनंतर अनेकांचा खेळ संपला.

युव्हेंटसने त्याला १९७५-७६ मध्ये कोमो क्लबला लोनवर, म्हणजे तात्पुरतं उसनं, पाठवलं. तिथे सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीतल्या पहिल्या श्रेणीत, सहा सामने, गोल शून्य. मग १९७६ मध्ये त्याला व्हिचेन्झाला धाडलं. संघ दुसऱ्या श्रेणीतला, म्हणजे सेरी बी मधला. मोठ्या क्लबला ज्याचं काय करावं ते कळत नाही अशा पोराची ही नेहमीची वाट.

मग त्याला स्ट्रायकर कोणी केलं?

जोव्हान बात्तिस्ता फाब्री यांनी. व्हिचेन्झाचे हे प्रशिक्षक बाहेरच्या जगाला फारसे ठाऊक नाहीत, पण रॉसीच्या कारकिर्दीत इटलीच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक बेअरझॉट यांच्या बरोबरीने त्यांचं नाव घ्यायला हवं. फाब्री यांनी त्याला बगलेवरून उचलून मध्यभागी, थेट प्रतिस्पर्ध्याच्या गोलपुढे आणून ठेवलं.

वरवर पाहता हा वेडेपणाच होता. इटलीत सेंटर फॉरवर्ड म्हणजे धिप्पाड, हवेत उसळणारा, दोन बचावपटूंना अंगावर घेणारा गडी. रॉसीत यातलं काहीच नव्हतं. पण फाब्री यांनी ओळखलं की बगलेवर धावताना त्याला लांब पळावं लागतं, अंगावर टक्कर घ्यावी लागते, म्हणजे जे गुडघे अधू झालेत तेच वापरावे लागतात. पेनल्टी क्षेत्रात मात्र काम असतं दोन-तीन पावलांचं. पहिलं पाऊल इतरांच्या आधी टाकता आलं तर ताकद लागतच नाही. आणि ते पहिलं पाऊल रॉसीकडे होतं.

व्हिचेन्झात त्याने एवढं काय केलं?

१९७६-७७ मध्ये सेरी बी मध्ये ३६ सामन्यांत २१ गोल. श्रेणीतले सर्वाधिक. संघ वर चढला. १९७७-७८ मध्ये सेरी आ मध्ये ३० सामन्यांत २४ गोल. पुन्हा सर्वाधिक. लागोपाठच्या दोन मोसमांत दोन्ही श्रेणींत सर्वाधिक गोल करणारा तो पहिलाच.

आणि संघ? नुकताच वर आलेला हा छोटा क्लब युव्हेंटसच्या खालोखाल दुसरा आला. मिलान, इंटर, नापोली, रोमा सगळे मागे. त्या वेळची सेरी आ म्हणजे सामन्याला मुश्किलीने दोन गोल व्हायचे, कुलूप लावल्यासारखा बचाव असायचा. तिथे एकवीस वर्षांच्या, तीन ऑपरेशनं झालेल्या पोराने २४ गोल करणं म्हणजे काय, हे आजच्या आकड्यांवरून कळत नाही. ज्यांना १९८२ हा मटका वाटतो त्यांनी हा मोसम आधी समजून घ्यावा.

'बंद लिफाफा' हा काय प्रकार होता?

इटलीत तेव्हा खेळाडूची भागीदारी चालायची. निम्मा हक्क एका क्लबचा, निम्मा दुसऱ्याचा. मुदत संपली आणि दोघांचं जमलं नाही, तर दोन्ही क्लब आपापली बोली बंद लिफाफ्यात घालून लीगकडे द्यायचे. लिफाफे फुटले की ज्याची रक्कम जास्त, त्याचा खेळाडू.

१९७८ च्या उन्हाळ्यात रॉसीचे लिफाफे फुटले. युव्हेंटसने लिहिले होते ८७ कोटी ५० लाख लिरा. व्हिचेन्झाचे अध्यक्ष ज्युसेप्पे फारीना यांनी लिहिले होते २६१ कोटींहून अधिक, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आणि ही किंमत निम्म्या हक्काची! देशात गहजब झाला. तेव्हा इटलीत महागाई आणि बेकारीने लोक हैराण होते, शिवाय काही आठवड्यांपूर्वीच माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांची हत्या झाली होती. अशा वातावरणात एका फुटबॉलपटूवर एवढी रक्कम? फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष फ्रँको कार्रारो यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. फारीना मात्र ठाम होते. रॉसी म्हणजे आपल्या फुटबॉलची मोनालिसा, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्याच मोसमात रॉसीने १५ गोल केले, तरीही व्हिचेन्झा सेरी बी मध्ये घसरला. सगळी गंगाजळी एका खेळाडूवर रिकामी केली की बाकीच्या दहांचं काय होतं, त्याचं हे जिवंत उदाहरण. दोष रॉसीचा नव्हता, पण किमतीचं ओझं पुढे कायम त्याच्या मानेवर राहिलं. गोल चुकला की प्रेक्षकांना आकडा आठवायचा.

'पाब्लितो' हे नाव कुठून आलं?

१९७८ च्या विश्वचषकातून. स्पर्धा अर्जेंटिनात होती, म्हणून पाओलोचा स्पॅनिश पाब्लो आणि लाडाने पाब्लितो. एन्झो बेअरझॉट यांनी त्याला २१ डिसेंबर १९७७ रोजी बेल्जियमविरुद्ध लिएजमध्ये पहिल्यांदा खेळवलं होतं आणि सहा महिन्यांत तो विश्वचषकात पोहोचला. फ्रान्स, हंगेरी आणि ऑस्ट्रिया यांच्याविरुद्ध प्रत्येकी एक असे तीन गोल त्याने केले. इटली चौथी आली.

सामना निश्चितीत तो खरंच दोषी होता का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर.

व्हिचेन्झा घसरल्यावर १९७९ मध्ये रॉसी पेरुजाला लोनवर गेला. पेरुजा आदल्या मोसमात एकही सामना न हरता दुसरा आला होता. लोनच्या खर्चासाठी क्लबने एका पास्ता कंपनीशी करार करून तिचं नाव जर्सीवर आणलं. इटालियन फुटबॉलमध्ये तेव्हा ही नवलाईची गोष्ट होती. रॉसीने त्या मोसमात २८ सामन्यांत १३ गोल केले.

३० डिसेंबर १९७९ रोजी आव्हेल्लिनो विरुद्ध पेरुजा हा सामना २-२ सुटला. पेरुजाचे दोन्ही गोल रॉसीचे. काही आठवड्यांनी रोममधल्या दोन व्यापाऱ्यांनी तक्रार केली की आपण खेळाडूंना पैसे देऊन सामन्यांचे निकाल ठरवून घेतले, पण खेळाडूंनी शब्द पाळला नाही आणि आपण बुडालो. या बेकायदा सट्ट्याला लोक 'तोतोनेरो' म्हणत. २३ मार्च १९८० च्या रविवारी पोलिसांनी सामने संपताच काही खेळाडूंना थेट स्टेडियममधूनच उचललं. मिलान आणि लाझिओ या दोन मोठ्या क्लबांना सेरी बी मध्ये ढकललं गेलं.

रॉसीवरचा आरोप त्या आव्हेल्लिनोच्या सामन्याबद्दल होता. त्याचं म्हणणं असं : सामन्याआधी हॉटेलात एका सहकाऱ्याने एका अनोळखी माणसाशी गाठ घालून दिली, त्याने बरोबरीची गोष्ट काढली, मी दोन मिनिटांत काहीतरी बोलून तिथून निघालो, पैसा घेतला नाही. फुटबॉल महासंघाच्या न्यायाधिकरणाने हे मानलं नाही. तीन वर्षांची बंदी आली, अपिलात ती दोन वर्षांवर आली. फौजदारी खटल्यात मात्र वेगळंच झालं. रोमच्या न्यायालयात सगळे आरोपी सुटले, कारण क्रीडा फसवणुकीचा गुन्हा तेव्हाच्या इटालियन कायद्यात बसतच नव्हता. त्यामुळे 'कोर्टाने निर्दोष सोडलं' हा त्याच्या बाजूचा पुरावा म्हणून देणाऱ्यांनी जरा सावध राहावं.

माझं मत विचाराल तर : त्याने पैसे घेतल्याचं कधी सिद्ध झालं नाही, आणि शेवटपर्यंत तो स्वतःला निर्दोषच म्हणत राहिला. पण त्या माणसाची भेट झाल्याचं त्यालाही नाकारता आलं नाही, आणि तो प्रकार त्याने वर कळवला नाही. तेवढ्यासाठी काही शिक्षा योग्य होती. दोन वर्षं मात्र जास्त झाली असं मला वाटतं. आपल्याच देशात भरलेली १९८० ची युरो स्पर्धाही त्याची हुकली. २३ ते २५ ही स्ट्रायकरची ऐन भराची वर्षं असतात.

बंदीच्या काळात तो काय करत होता?

सराव. १९८१ मध्ये, बंदी चालू असतानाच, युव्हेंटसने त्याला परत विकत घेतलं. ज्या क्लबने त्याला लिफाफ्यात गमावलं, त्याच क्लबने तो खेळू शकत नसताना त्याच्यावर पैसे लावले. प्रशिक्षक जोव्हान्नी त्रापात्तोनी यांच्या हाताखाली तो संघासोबत मैदानावर उतरायचा, पण रविवारी प्रेक्षकांत बसायचा.

२ मे १९८२ रोजी उदिनेझेविरुद्ध तो परतला. युव्हेंटसने ५-१ ने सामना जिंकला, त्यात एक गोल रॉसीचा. मोसमातले शेवटचे तीनच सामने त्याला मिळाले आणि युव्हेंटसने विसावं विजेतेपद मिळवलं.

तीन सामन्यांच्या सरावावर बेअरझॉट यांनी त्याला विश्वचषकात का नेलं?

वर्तमानपत्रांनी तेव्हा हाच प्रश्न मोठमोठ्या मथळ्यांत विचारला. रोमाचा रोबेर्तो प्रुत्सो लागोपाठ दोन मोसम सेरी आ मध्ये सर्वाधिक गोल करत होता आणि त्याला घरी ठेवलं गेलं. युव्हेंटसचा रोबेर्तो बेत्तेगा गुडघ्याच्या दुखापतीने आधीच बाद झाला होता. सगळी भिस्त वजन उतरलेल्या, दम न टिकणाऱ्या रॉसीवर!

बेअरझॉट हे पाईप ओढत विचार करणारे, शांत, कमालीचे हट्टी गृहस्थ. १९७८ चा रॉसी त्यांनी जवळून पाहिला होता. पेनल्टी क्षेत्रातली ती नजर दोन वर्षांत गंजत नाही, फक्त पाय मागे पडतात आणि पाय स्पर्धेतच परत येतील, असा त्यांचा हिशेब. स्पर्धा लांबली नसती तर हा हिशेब चुकला असता हेही खरं.

सुरुवातीच्या सामन्यांत तो खरंच इतका वाईट खेळला?

हो. व्हिगोमध्ये पोलंडशी ०-०, पेरूशी १-१, कॅमेरूनशी १-१. तिन्ही बरोबरीत. रॉसीचा एकही गोल नाही. पेरूविरुद्ध तर मध्यंतरालाच त्याला बाहेर बसवून कौझिओला आणलं. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत बचावपटू पोहोचलेला असायचा. इटली आणि कॅमेरून यांचे गुण सारखे, गोलफरक सारखा. इटलीने दोन गोल केले होते, कॅमेरूनने एक. तेवढ्यावर इटली पुढे गेली.

घरी इटलीत टीकेचा भडिमार सुरू होता. खेळाडूंच्या खासगी आयुष्यावरही शिंतोडे उडाले. शेवटी संघाने पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. फक्त कर्णधार आणि गोलरक्षक दिनो झॉफ बोलायचा, आणि तो मुळातच मितभाषी.

ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात नेमकं काय झालं?

दुसऱ्या फेरीचा गट बार्सिलोनात होता : इटली, अर्जेंटिना, ब्राझील. इटलीने अर्जेंटिनाला २-१ ने हरवलं. क्लाउदिओ जेंतिलेने त्या दिवशी मॅराडोनाला श्वास घेऊ दिला नाही. रॉसीचा गोल नव्हताच, पण पाय मोकळे होत असल्याचं दिसलं. ब्राझीलने अर्जेंटिनाला ३-१ ने हरवलं होतं, त्यामुळे ५ जुलै १९८२ रोजी, सारिआ स्टेडियममध्ये, ब्राझीलला बरोबरीही पुरत होती. इटलीला जिंकणं भाग होतं.

समोर झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो, एदेर. प्रशिक्षक तेले सांताना. इतका देखणा खेळ करणारा संघ विश्वचषकात क्वचितच झाला.

पाचवं मिनिट. ब्रुनो कोंती उजवीकडून चेंडू घेऊन आत येतो आणि पायाच्या बाहेरच्या कडेने डावीकडे काब्रिनीला पास देतो. काब्रिनीचा क्रॉस ब्राझीलच्या मधल्या बचावपटूंच्या डोक्यावरून जातो. रॉसी दूरच्या खांबापाशी एकटा, कारण सगळ्यांचे डोळे काब्रिनीवर असताना तो हळूच मागे सरकला होता. हेडर, गोल.

बाराव्या मिनिटाला झिकोच्या पासवर सॉक्रेटिसने जवळच्या खांबातून चेंडू आत ढकलला. १-१. आता ब्राझीलला घाई नव्हती, आणि त्याच निवांतपणात पंचविसाव्या मिनिटाचा गोल दडला होता. सेरेझोने आपल्याच अर्ध्यात आडवा, जरा आळसावलेला पास टाकला. जवळ दोन-तीन ब्राझीलियन, प्रत्येकाला वाटलं दुसरा घेईल. रॉसी मात्र पास सुटण्याआधीच निघाला होता. चेंडू त्याने वाटेतच उचलला, दोन-चार पावलं पुढे नेला आणि पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून सणसणीत फटका मारला. चेंडू गोलरक्षक वाल्दिर पेरेसला चुकवून आत गेला. याला 'आयता गोल' म्हणणाऱ्यांनी ही चित्रफीत सेरेझोकडे न बघता रॉसीकडे बघत पुन्हा पाहावी.

उत्तरार्धात फाल्काओने ६८ व्या मिनिटाला जबरदस्त गोल केला. २-२. ब्राझील पुन्हा उपांत्य फेरीत. सांताना यांचा संघ तरीही बचावाला बसला नाही, तो त्यांचा स्वभावच नव्हता. ७४ व्या मिनिटाला इटलीला कॉर्नर. कोंतीचा चेंडू ब्राझीलने अर्धवट परतवला, तार्देल्लीने तो गर्दीतून पुन्हा गोलकडे मारला आणि सहा यार्डांच्या आत उभ्या असलेल्या रॉसीने तो नुसता वळवला. ऑफसाइडचा प्रश्नच नव्हता, कारण ब्राझीलचा बचावपटू ज्युनिअर गोलरेषेपाशीच राहिला होता.

३-२. आंतोन्योनीचा चौथा गोल ऑफसाइड ठरवून नाकारला गेला, तो निर्णय चुकीचा होता असं बहुतेकांचं मत आहे. अखेरच्या क्षणी ओस्कारचं हेडर चाळिशीतल्या झॉफने गोलरेषेवर दाबून धरलं. चेंडू आत गेला म्हणून ब्राझीलच्या खेळाडूंनी हात वर केले होते, पण तो आत गेला नव्हता.

विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध एकाच सामन्यात तीन किंवा जास्त गोल त्याआधी एकाच माणसाने केले होते : १९३८ मध्ये पोलंडच्या एर्न्स्ट विलिमोव्स्कीने, चार. आणि तो सामना पोलंड हरलं होतं.

उपांत्य आणि अंतिम सामन्यात?

८ जुलैला काम्प नोउवर पोलंडविरुद्ध २-०, दोन्ही गोल रॉसीचे. ११ जुलैला माद्रिदच्या बेर्नाबेऊवर पश्चिम जर्मनी. पूर्वार्धात काब्रिनीने पेनल्टी बाहेर मारली. ५७ व्या मिनिटाला जेंतिलेचा क्रॉस आला, बचावपटू आणि काब्रिनी यांच्या घोळक्यातून रॉसी पुढे झेपावला आणि इटलीचं खातं उघडलं. मग तार्देल्ली, मग आल्तोबेल्ली. शेवटी जर्मनीच्या ब्राइट्नरने एक परतवला. ३-१. स्टेडियममध्ये राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी उठून उठून हात उंचावत होते.

सात सामने, सहा गोल, आणि ते सहाही शेवटच्या तीन सामन्यांत. स्पर्धेतले सर्वाधिक गोल त्याचेच, सर्वोत्तम खेळाडूही तोच, आणि वर्षअखेरीस युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ओरही त्यालाच.

मग तो नशीबवान होता की नाही?

मला हा प्रश्नच पटत नाही. चेंडू एकदा पायाशी येऊन पडला तर नशीब म्हणावं. सेरी बी मध्ये २१ वेळा, सेरी आ मध्ये २४ वेळा आणि मग जगातल्या सर्वोत्तम संघासमोर तीन वेळा पडला, तर चेंडू त्याच्याकडे येत नव्हता, तो चेंडूच्या वाटेवर आधीच जाऊन उभा राहत होता.

त्याची पद्धत साधी होती, पण करायला महाकठीण. बचावपटूच्या पाठीमागे, त्याच्या नजरेच्या अगदी कडेला उभं राहायचं. बचावपटूला चेंडू आणि रॉसी दोघांवर एकाच वेळी डोळा ठेवता येऊ नये अशी ती जागा. मग बचावपटूने चेंडूकडे मान वळवली की त्या क्षणी दोन पावलं. उंची नसूनही त्याचे इतके गोल डोक्याने का झाले, याचंही कारण हेच. तो उडी मारून जिंकत नव्हता, मोकळ्या जागेत उभा राहून जिंकत होता. भारदस्त शरीर नसल्यानेच त्याला ही विद्या शिकावी लागली. पुढे इटलीचाच स्ट्रायकर फिलिप्पो इन्झागी याच घराण्यातला निघाला, जरी ऑफसाइडच्या रेषेवर जगण्यात तो रॉसीच्याही पुढे गेला.

विश्वचषकानंतर युव्हेंटसमध्ये तो फिका का पडला?

'फिका' हा शब्द जरा कठोर आहे. १९८२ च्या उन्हाळ्यात फ्रान्सचा प्लातिनी आणि पोलंडचा बोनिएक युव्हेंटसमध्ये आले. खेळ प्लातिनीभोवती फिरू लागला आणि प्लातिनी स्वतःच ढिगाने गोल करायचा. रॉसीला बरेचदा बचावपटूंना दूर ओढून नेण्याचं काम करावं लागलं. तरी १९८२-८३ च्या युरोपियन चषकात सहा गोलांसह तोच अव्वल होता. अथेन्सच्या अंतिम सामन्यात मात्र हॅम्बुर्गने १-० ने हरवलं.

त्याच्या काळात युव्हेंटसने दोनदा लीग, १९८३ मध्ये इटालियन चषक, १९८४ मध्ये युरोपचा चषकविजेत्यांचा चषक आणि १९८५ मध्ये युरोपियन चषक जिंकला. त्या शेवटच्या विजयाबद्दल आनंदाने लिहिता येत नाही. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये सामन्याआधी झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. त्यातली बहुतेक इटालियन होती. सामना तरीही खेळवला गेला. तो खेळवायला नको होता.

लीगमध्ये युव्हेंटससाठी त्याचे ८३ सामन्यांत २४ गोल. व्हिचेन्झातल्या एकाच मोसमाइतके. गुडघे हे याचं मोठं कारण होतं.

१९८६ च्या विश्वचषकात तो का दिसला नाही?

संघात होता, पण एकाही सामन्यात उतरला नाही. १९८५ मध्ये तो मिलानला गेला होता, जिथे अध्यक्ष होते तेच फारीना, लिफाफ्यावाले. लीगमध्ये त्या मोसमात त्याचे दोनच गोल झाले, पण दोन्ही त्याच शहरातल्या इंटरविरुद्धच्या डर्बीत! मेक्सिकोत, १९८६ च्या विश्वचषकात, बेअरझॉट यांनी स्ट्रायकर गाल्देरिसीला पसंती दिली. पुढचं वर्ष रॉसी व्हेरोनाकडून खेळला आणि १९८७ मध्ये, तिशीतच, थांबला.

एकूण आकडे?

सेरी आ मध्ये २१५ सामने, ८२ गोल. राष्ट्रीय संघासाठी ४८ सामने, २० गोल. त्यातले नऊ विश्वचषकात, आणि रोबेर्तो बॅजिओ आणि ख्रिस्तियान व्हिएरी यांच्याबरोबरीने हा इटालियन विक्रम आहे.

स्किलाची आणि रॉसी यांची तुलना योग्य आहे का?

१९९० मध्ये साल्व्हातोरे स्किलाचीनेही सहा गोल केले, तोही सर्वाधिक गोल करणारा आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला, म्हणून ही जोडी लावतात. पण स्किलाची हा एका उन्हाळ्याचा वणवा होता. रॉसी त्याआधीच इटलीतला सर्वोत्तम स्ट्रायकर होऊन चुकला होता, त्याचा हा दुसरा जन्म होता. इटली त्या वेळी जिंकली, १९९० मध्ये नाही, हा फरकही आहेच.

ब्राझीलमध्ये त्याच्याबद्दल अजून राग आहे का?

राग म्हणण्यापेक्षा सल. १९८९ मध्ये निवृत्त खेळाडूंच्या स्पर्धेसाठी रॉसी साओ पाउलोला गेला होता. टॅक्सीवाल्याने आरशातून ओळखलं, गाडी थांबवली आणि खाली उतरायला सांगितलं, असा किस्सा तो स्वतः सांगायचा. आपल्या आत्मचरित्राचं नावही त्याने 'मी ब्राझीलला रडवलं' अशा अर्थाचं ठेवलं. पण झिको, फाल्काओ वगैरेंशी त्याचं नातं पुढे स्नेहाचं राहिलं.

ज्युसेप्पे रॉसी त्याचा कोण?

कोणी नाही. व्हियारियाल आणि फिओरेन्तिनाकडून खेळलेला ज्युसेप्पे अमेरिकेत, न्यू जर्सीत जन्मला. रॉसी हे इटलीतलं अतिशय सर्रास आडनाव आहे.

निवृत्तीनंतर तो काय करायचा आणि त्याचा मृत्यू कसा झाला?

टीव्हीवर सामन्यांचं विश्लेषण करायचा, सौम्य आवाजात, कोणाला न दुखवता. तोस्कानात बुचिने गावाजवळ त्याचं शेतावरचं अतिथिगृह होतं. ९ डिसेंबर २०२० रोजी सिएनात फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला, वय ६४. त्याआधी दोनच आठवडे मॅराडोना गेला होता. अंत्यसंस्कार प्रातोत किंवा तूरिनमध्ये झाले नाहीत, व्हिचेन्झाच्या कॅथेड्रलमध्ये झाले. शवपेटीला खांदा द्यायला काब्रिनी, तार्देल्ली, आंतोन्योनी असे १९८२ चे साथीदार होते. ते विधी चालू असतानाच त्याच्या घरी चोरी झाली, ही बातमी वाचून इटलीत लोक संतापले होते.

त्याचा खेळ पाहायचा तर कुठून सुरुवात करावी?

बहुतेक जण ब्राझीलचा सामना सांगतील, आणि तो पाहावाच, पण संपूर्ण. नुसत्या गोलांच्या चित्रफितीत रॉसी कळत नाही, कारण त्याचं काम गोलच्या आधी चालू असतं आणि तेव्हा चेंडू दुसरीकडे असतो.

मी मात्र आधी १० जून १९७८ चा ब्यूनस आयर्समधला इटली-अर्जेंटिना सामना बघायला सांगेन. ६७ वं मिनिट. बेत्तेगा चेंडू रॉसीकडे देतो आणि पुढे धाव घेतो. रॉसीची पाठ गोलकडे, अंगावर बचावपटू. तो न थांबता, न वळता, चेंडू टाचेने बेत्तेगाच्या वाटेवर सोडतो, आणि बेत्तेगा गोलरक्षक फियोलला चकवून सामन्यातला एकमेव गोल करतो. त्याच स्पर्धेत पुढे विश्वविजेते झालेल्या अर्जेंटिनाचा हा एकमेव पराभव. गोलाच्या यादीत रॉसीचं नाव नाही. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.